मंगळवार राखीव

सोलापुरात खोली शोधताना पहिले आठ दिवस मला एकच प्रश्न विचारला गेला, "आडनाव काय?" कुणी थेट विचारी. कुणी आधी गाव, मग वडिलांचं नाव, मग "म्हणजे अमक्यांपैकी का?" असा वळसा घालून तिथंच येई. मी जेऊरची. नुकतीच एका शाळेत गणित शिकवायला लागले होते. शाळेचं नाव ऐकून माणसं खूश होत, पगार ऐकून आणखी खूश होत, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असे. एका बाईंचा पुतण्या अचानक राहायला येणार असल्याचं मला दारातच समजलं. त्या पुतण्याची वाट बघत 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे चार महिने लटकत होती.

नवव्या दिवशी ज्यांनी दार उघडलं ते सत्तरीचे उंच गृहस्थ होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी बुचाची छोटी काचेची बाटली. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे, मग मनगटाकडे बघितलं. गंडा, ताईत, धागा, काही नाही याची खात्री करून घेतली आणि विचारलं,

"देव मानता?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरंच होतं. आमच्या घरात देव्हारा नाही, आजोबांच्या वेळेपासून नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी मला खोली हवी होती. 'मानते' या उत्तराला खोली मिळणार असती तर तेही दिलं असतं.

"पुरावा?"

"मानत नसल्याचा पुरावा कसा देणार, काका?"

ते पहिल्यांदा हसले. "शाब्बास. खोली तुमची. नाव सांगा. नुसतं नाव. आडनाव मी विचारत नाही."

करारपत्रावर आडनाव लिहावं लागतंच. ते मी लिहीत असताना ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मग कागद घडी घालून मागून घेतला आणि सही केली. मला भरून आलं. बाहेर पडताना दारावरच्या पितळी पाटीवर त्यांचं स्वतःचं आडनाव लखलखत होतं. सोलापुरात ते आडनाव सांगितलं की रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे ती पाटी मी फारशी बघितली नाही.

काका पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना सगळे 'लॅबवाले काका' म्हणत. निवृत्त झाले तरी नमुने घेणं सुटलं नव्हतं. "आधी नमुना घ्या, मग बोला," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येई. भाजी खारट झाली तरी काकूंना ते हेच सांगत.

काकू त्यांच्या बरोबर उलट्या, असं मला आधी वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांना देवाबद्दल काही मतच नव्हतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी, अशा शहरात घर चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्ही मानता का हो?" त्या पिंप घासत होत्या. म्हणाल्या, "देव असला तरी पाणी मलाच भरायचंय, नसला तरी मलाच. मग त्यात माझं काय अडलंय, सांग की."

एकदा समोरच्या घरी सत्यनारायण होता. काका बोलावणं आलं की आवर्जून जात. प्रसादाच्या शिऱ्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. तीर्थ देणाऱ्या गुरुजींपुढे सगळ्यांनी ओंजळ केली, काकांनी बाटली केली. गुरुजींनी बिचाऱ्यांनी पळीभर तीर्थ बाटलीत ओतलं, काकांनी बूच लावलं, वर तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी डकवली आणि शिरा खाऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी अहवाल घेऊन समोर गेले. "तुमच्या तीर्थात दोष नाही, तुमच्या टाकीत आहे. त्यात घाण आहे. पोरांची पोटं म्हणूनच बिघडतात."

शेजाऱ्यांनी टाकी उपसली. तळाशी एक मेलेली पाल निघाली. टाकी धुतली, औषध टाकलं, पोरांची पोटं आठ दिवसांत ताळ्यावर आली. शेजारणीनं गल्लीभर पेढे वाटले. "सत्यनारायण पावला बघा!" काकांनी पेढा मात्र घेतला.

पण काका प्रसिद्ध होते ते फळ्यासाठी. फाटकाच्या डाव्या बाजूला भिंतीवर त्यांनी काळा चौकोन रंगवून घेतला होता. त्यावर रोज सकाळी खडूनं एक वाक्य लिहीत. आपल्यावर पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून त्यांनी धर्मांचं वेळापत्रक केलं होतं. शाळेच्या वेळापत्रकासारखं आखून, पुठ्ठ्यावर चिकटवून ते दिवाणखान्यात लावलेलं होतं. सोमवारी देवळं. "अभिषेकाचं दूध गटारात, गटाराशेजारच्या घरात काळा चहा." बुधवारी विहारं. गुरुवारी बुवा-बाबा. "बाबा हवेतून अंगारा काढतात. हवेतून पाणी काढून दाखवावं, महापालिकेत नोकरी नक्की." शुक्रवारी मशिदी. शनिवारी शनी, रविवारी चर्च. "प्रार्थनेनं ताप उतरतो, सोबत गोळी घेतल्यास." जैनांना आणि बाकीच्यांना पाळीपाळीनं रविवारच्या खाली अर्धी ओळ मिळे.

"तराजू आहे हा," ते म्हणत. "सगळ्यांना सारखं माप."

मी राहायला गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी शाळेला निघताना फळ्यावर वाचलं, "ज्यानं मूर्ती नको म्हटलं, त्याच्याच मूर्ती चौकाचौकात." मी दोनदा वाचलं. काका फाटकाशी उभे होते.

"कसं आहे, बाई?"

"अक्षर छान आहे," मी म्हणाले आणि रिक्षा पकडली.

कुणी तक्रार घेऊन आलं की काका त्याला खुर्चीत बसवत आणि चौकशी करत. "भावना दुखावल्या? कुठं दुखतंय? किती वेळ राहतं? दाबल्यावर वाढतं का?" माणूस चिडून निघून जाई. एक म्हातारे मात्र छातीवर हात ठेवून "इथं" म्हणाले, तेव्हा काका त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. तिथं आम्लपित्त निघालं.

महिन्यातून एकदा त्यांचे विचारवंत मित्र जमत. सहा-सात जण, सगळे निवृत्त. काकू पोहे करत. दोन तास वाद चाले तो देव आहे की नाही यावर नव्हे, त्याबद्दल एकमत होतं. वाद चाले तो आपल्यातला खरा नास्तिक कोण, यावर. एकाच्या मोटारीत लिंबू-मिरची सापडली होती ती बायकोनं बांधली की त्यानं, यावर तीन बैठका झाल्या.

माझी आई पहिल्यांदा राहायला आली ती दिवाळीनंतर. जेऊरहून पॅसेंजरनं आली, कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट घेऊन. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर भिंतीकडे बघून म्हणाली, "हितं खिळा ठोक."

"आई, घरमालकांना नाही चालत."

"खिळा चालत न्हाय?"

चौकटीत बुद्ध आणि बाबासाहेब होते, शेजारी शेजारी. आमच्या जेऊरच्या घरात चुलीपलीकडच्या भिंतीवर तीस वर्षं असलेला फोटो. आईनं तो खास माझ्यासाठी आणला होता आणि घरी नवा घेतला होता. मी नाही म्हणेपर्यंत तिनं बत्त्यानं खिळा ठोकलाही. आवाज ऐकून काका वर आले.

त्यांनी फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"बाई, आपलं ठरलं होतं. या घरात देव नको."

"ह्यो देव न्हाय," आई म्हणाली.

"हार घालणार का?"

"घालनार की. चौदा एप्रिलला, पुनवंला."

"उदबत्ती?"

"लावनार."

"मग देवच झाला," काका म्हणाले. "नाव वेगळं, पूजा तीच. मी सगळ्यांना एकच नियम लावतो, ताई. कुणाला सोडत नाही. खाली वेळापत्रक आहे, बघून घ्या."

आईला ते खरंच बघायचं होतं. ती खाली उतरली, पुठ्ठ्यासमोर उभी राहिली. वाचता येतं तिला, सावकाश येतं. बोटानं एकेक वार वाचत गेली. सोमवार झाला, मग बोट थांबलं.

"मंगळवारी कुनाला धुता?"

"मंगळवार रिकामा आहे. राखीव ठेवलाय. नवीन काही निघालं तर."

आई त्यांच्याकडे वळली. "एक इचारू का, सायेब? तुमी म्हनता मी आडनाव इचारत न्हाय. लेकीनं सांगितलं मला. मला लई बरं वाटलं, सगळ्या गावात सांगितलं मी. पर तुमचं आडनाव दारावर पितळंचं हाय. रोज पुसता. आमच्या पोरीला तिचं आडनाव गिळून खोली बघावी लागली, आट दिस. आन ह्या फोटूतल्या मानसानं आमाला ते आडनाव ताट मानंनं सांगायला शिकवलं. त्यो फोटू तुमी काडा म्हनता. आता मला कळंना झालंय. तुमाला देव नको हाय, का आमी?"

काकू आतून पदराला हात पुसत आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

काका म्हणाले, "मी प्रत्येकाला हेच सांगतो."

"व्हय, सांगता की. पर परत्येकाला खोली मिळायला आट दिस लागत न्हाईत." आणि मग, भांडण संपवावं तशा सुरात ती म्हणाली, "मंगळवार मोकळा हाय न्हवं? त्या दिशी सोताला घ्या."

आई दुसऱ्या दिवशी गेली. आणि आता मला जे सांगायचंय ते सांगायला मला आवडत नाही. तिची गाडी सुटल्यावर मी खोलीवर आले आणि फोटो काढला. साड्यांच्या मधे, कपाटात ठेवला. मला पुन्हा ते आठ दिवस नको होते. संध्याकाळी काका पाण्याच्या मोटारीचं बटण बघायला वर आले, रिकामा खिळा बघितला आणि म्हणाले, "योग्य केलंत." मी मान हलवली. त्या रात्री आईचा फोन आला. "फोटू नीट हाय का गं?" मी म्हणाले, "आहे." ती खूश झाली.

पुढच्या मंगळवारी फळ्यावर फक्त वार लिहिला होता, खाली कोरं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच. समोरच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "काका, मंगळवार राखीव कुणाला दिला? आमच्यातलं कुणी बसत असंल तर सांगा की." काकू मला म्हणाल्या, "काय चाललंय गं यांचं? सकाळी खडू घेऊन अर्धा अर्धा तास उभे राहतायत. वही घेऊन बसतायत. चार ओळी लिहितात, खोडतात. आयुष्यात पहिल्यांदा नमुना सापडंना झालाय त्यांना."

चौथ्या मंगळवारी वाक्य आलं. "मी आडनाव विचारत नाही, कारण मला माझं कधी लपवावं लागलं नाही."

मी फाटकाशी थांबले. काका कुंड्यांशी काहीतरी करत होते, ते करतच राहिले. "अक्षर छान आहे," मी म्हणाले. ते म्हणाले, "आज 'ल' बिघडलाय."

त्या दिवशी फळ्याचा फोटो कुणी काढला नाही. एरवी दोन-तीन पोरं मोबाइल घेऊन येत.

पोरं होती कोपऱ्यावरच्या मंडळाची. ती कोणत्या वारी येतात हे माझ्या लक्षात आलं होतं. काकांच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांचा तराजूवर विश्वास होता. पोरं शुक्रवारी येत. एका शुक्रवारचं वाक्य होतं, "आवाज मोठा केला म्हणून देवाला ऐकू जातं असं नाही, त्याला कान असल्याचा पुरावा नाही." सोमवारी नेमकं हेच वाक्य त्यांनी देवळांच्या ढोल-ताशाबद्दलही लिहिलं होतं, शब्दही बदलला नव्हता. पण शुक्रवारचं वाक्य शहरभर फिरलं. त्याच संध्याकाळी मंडळाची पाच-सहा मुलं शाल आणि नारळ घेऊन घरी आली.

"काका, तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस आख्ख्या सोलापुरात न्हाई."

काका खरं तर सुखावले. माझ्या माहितीत त्यांना कुणी शाल दिली नव्हती. "सोमवारचं वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"त्ये जाऊ द्या, काका."

"गुरुवारचं?"

"त्ये बी जाऊ द्या. शुक्रवारचं एक नंबर!"

काकांनी शाल परत दिली. नारळही परत दिला. त्याचं खोबरं वाया जाऊ नये असं काकूंचं मत होतं, पण दिला. मुलं गेली. दोन दिवसांनी कोपऱ्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर शुक्रवारचं वाक्य, खाली 'खरं बोलणारा माणूस' आणि काकांचा फोटो. तो काढताना काकांना माहीतही नव्हतं, त्यामुळे त्यात ते नाक पुसत होते.

फ्लेक्स लागला तो रफीकभाईंच्या दुकानासमोर. रफीकभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मोटारवाल्याचं स्थान काय असतं, हे बाहेरच्याला कळणार नाही. काकूंच्या मते गल्लीत पूजा करण्यालायक एकच माणूस होता आणि तो रफीकभाई. पण फ्लेक्स लागला आणि जवळच्या दोन अपार्टमेंटांच्या व्हॉट्सअॅप गटांवर निघालं की मोटारी दुरुस्त करणारे 'आपल्यातले'ही असतात, त्यांना बोलवावं. रफीकभाई घरी आले, चप्पल बाहेर काढली, बसले नाहीत.

"काका, तुमचं मी कायम वाचतो. सोमवारचं बी वाचतो. आजपर्यंत कधी बोललो का? पण हे जरा बघा की. दोन बिल्डिंगांनी बोलवणं बंद केलं."

"वाक्य चुकीचं आहे का?"

"वाक्याचं न्हाई म्हणत मी."

"सोमवारीही तेच वाक्य होतं. शब्दाला शब्द. सिद्ध करू शकतो मी."

"वाक्य तेच हाय, काका," रफीकभाई म्हणाले. "तोंड बदललं."

काका म्हणाले, "वाक्य कुणाच्या तोंडात आहे यावर त्याचा खरेपणा ठरत नाही." रफीकभाईंनी मान हलवली, चप्पल घातली आणि गेले. काका जिंकले होते. जिंकल्यावर ते नेहमी चहा मागत. त्या दिवशी मागितला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काकूंनी मला हाका मारून उठवलं. "ये गं, शिडी धर!" काका कोपऱ्यावर होते. फ्लेक्स काढायला आधी महापालिकेत गेले होते. तिथं त्यांना सांगण्यात आलं की फ्लेक्स विनापरवाना आहे, म्हणून तो काढायला परवानगी देता येत नाही, कारण कागदोपत्री तो नाहीच. तेव्हा सत्तर वर्षांचे काका शिडीवर चढले होते आणि रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून फ्लेक्सवर, स्वतःच्या नाक पुसणाऱ्या फोटोखाली, सोमवारचं ढोल-ताशाबद्दलचं तेच वाक्य वारासकट लिहीत होते. वर मोठ्या अक्षरांत, 'हे वाचल्याशिवाय ते वाचू नये'. मी शिडी धरली. रफीकभाईंनी दुकानातून बघितलं, बाहेर आले आणि दुसऱ्या बाजूनं शिडी धरली.

'खरं बोलणारा माणूस' दुपारपर्यंत गावाचा शत्रू झाला. आणि एकदा मंडळाच्या पोरांनी तक्रार करायची ठरवल्यावर बाकीच्यांनाही आपापले वार आठवले.

पोलीस चौकीतून बोलावणं आलं पुढच्या रविवारी. काकांनी वेळापत्रकाचा पुठ्ठा भिंतीवरून काढून काखेत घेतला. विचारवंत मित्रांच्या गटावर काकूंनी निरोप टाकला होता. तिथं 'तीव्र निषेध' असे सहा संदेश आले. प्रत्यक्ष कुणी येऊ शकलं नाही. एकाच्या मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत होती आणि मुहूर्त नेमका अकराचा होता, बाकीचे तिथं जेवायला होते.

"तू जा गं यांच्यासोबत," काकू मला म्हणाल्या. "मला जमायचं नाही, आज पाणी आहे. अटक झाली तर फोन कर."

रफीकभाई फाटकाशी स्कूटर घेऊन उभे होते. काकांना त्यांनी मागं बसवलं. मी रिक्षानं गेले.

चौकीत चार पक्ष बसले होते. मंडळाचा अध्यक्ष सोमवारसाठी. एका बाबांच्या भक्तमंडळाचे सेक्रेटरी गुरुवारसाठी. शुक्रवारसाठी दाढीवाले एक वयस्क गृहस्थ. आणि बुधवारसाठी आमच्यातले एक कार्यकर्ते. त्यांनी मला ओळखलं आणि तुम्ही इथं, या बाजूला कशा, असं नजरेनं विचारलं. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

साहेब तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "शांतता समितीच्या बैठकीला तुम्हाला एकत्र आणायचं तर माणशी तीन फोन करावे लागतात मला. आज न बोलावता वेळेवर आलात सगळे. या काकांचा सत्कार करायला पाहिजे."

कुणी हसलं नाही. साहेबांनी तक्रारी वाचल्या. काका उठले, पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आधी नमुना बघा." मग अध्यक्षाला विचारलं, "सोमवार सोडून बाकीच्या वारांबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

"बाकीचं बरोबरच हाय की."

सेक्रेटरींना गुरुवार सोडून सगळं पटत होतं. दाढीवाल्या गृहस्थांनी शुक्रवार वगळता फळा चांगला असल्याचं कबूल केलं, गुरुवार तर त्यांच्या मते फार सौम्य होता. बुधवारवाले म्हणाले, सोमवार आणि शनिवार ही तर चळवळच आहे.

"लिहून घ्या, साहेब," काका म्हणाले. "प्रत्येक वाक्य एकाविरुद्ध तीन मतांनी मंजूर आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काका, मला गुन्हा दाखल करायला लावू नका. एक माफीनामा लिहा, दोन ओळींचा, विषय संपवू." मग रफीकभाईंकडे बघून, "तुमचं काय? तुमच्या दुकानासमोर झालंय सगळं. तुम्ही पण तक्रारीवर सही करताय ना?"

"मी काकांना गाडीवर आणलंय, साहेब," रफीकभाई म्हणाले. "न्यायचं पण हाय."

काकांनी कागद मागितला. मला धक्का बसला. मला वाटलं होतं, ते वाद घालतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पंधरा मिनिटं लिहीत बसले. दोनदा खोडलं. मग कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी मोठ्यानं वाचला, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो.

"माफीनामा. एक. माझ्या भाडेकरू बाई आणि त्यांच्या आई यांना. मी त्यांच्या भिंतीवरचा फोटो काढायला लावला. तो फोटो त्यांच्यासाठी काय आहे हे मी विचारलं नाही, मीच ठरवलं. नमुना न घेता निष्कर्ष काढला. चूक झाली. फोटो लावावा. उदबत्तीबाबत माझं मत कायम आहे, ते वाद घालून सोडवू. दोन. रफीकभाई यांना. ते त्रास सांगायला आले, मी त्यांना तर्क सांगितला. चूक झाली. वाक्य मागे घेत नाही."

साहेबांनी कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं. "आणि तक्रारदार?"

"त्यांचं मी काही केलेलं नाही," काका म्हणाले.

"अहो, पण तक्रार यांची आहे! माफी मागितलीत ती तक्रार न करणाऱ्यांची!"

"ज्यांचं बिघडवलं त्यांची मागितली."

मग जो गोंधळ झाला तो मी कधी विसरणार नाही. भावना दुखावल्या होत्या त्यापेक्षा चौघेही आता जास्त दुखावले होते. अध्यक्ष टेबलावर हात आपटत म्हणाला, "आमचं नाव कुटं हाय? एवढं सकाळपास्नं येऊन बसलोय आमी!" सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की माफीत निदान गुरुवारचा उल्लेख तरी हवा. बुधवारवाल्यांनी कागद मागून घेतला, पहिला परिच्छेद पुन्हा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि आपली तक्रार गुपचूप मागे घेतली. बाकी तिघांत पहिला मान कुणाचा यावरून जुंपली. साहेबांनी तिघांना बाहेर काढलं, कागद फाइलला लावला आणि काकांना म्हणाले, "जा. आणि कृपा करून आठवडाभर फळा पुसून ठेवा."

"सोमवारपर्यंत ठेवतो," काका म्हणाले.

चौकीबाहेर चहाची गाडी होती. ऊन चढलं होतं. आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. मी चहा सांगितला. काका अस्वस्थ होते. माफी ही त्यांची सवयीची वस्तू नव्हती. अर्धा कप झाल्यावर ते रफीकभाईंकडे वळले.

"एक सांग. खरं सांग. शुक्रवारचं वाक्य चुकीचं होतं का?"

रफीकभाईंनी चहा फुंकला. "वाक्य बरोबर होतं, काका. आमच्या आब्बाचं बी तेच म्हणणं होतं, आवाज कमी करा म्हणून."

"मग माफी कशाची मागितली मी?" काका एकदम ताठ झाले. "परत जाऊन कागद काढून घेऊ का?"

"राहू द्या की," रफीकभाई म्हणाले. "या चौकीत आजपर्यंत आम्हीच लिहून देत आलोय. आम्हाला लिहून पहिल्यांदाच कुणीतरी दिलंय."